बाग सर्वांची, खर्च कोणाचा? लंडनच्या स्क्वेअरांची तीनशे वर्षांची कथा

१८६६ साली एके दिवशी लंडनच्या लेस्टर स्क्वेअरमध्ये माणसे थबकून हसू लागली. चौकाच्या मध्यभागी पहिल्या जॉर्ज राजाचा अश्वारूढ पुतळा होता. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी तो तेथे बसवला गेला तेव्हा त्यावर सोनेरी मुलामा झळकत असे. आता राजाचे अवयव निखळले होते आणि घोडा कसाबसा उभा होता. कोणा खोडसाळ मंडळींनी त्या घोड्याला पांढरा रंग फासून वर काळे ठिपके काढले, महाराजांच्या मस्तकी शाळेतल्या मठ्ठ मुलाची टोकदार टोपी चढवली आणि भाल्याच्या जागी एक झाडू टेकवून ठेवला.

पुतळ्याभोवती एकेकाळी बाग होती. आता तिथे गुडघाभर तण, मोडके कठडे आणि आसपासच्या घरांनी टाकलेला कचरा होता.

ज्या बागेची ही दशा झाली होती, तिच्याविषयी केवळ अठरा वर्षांपूर्वी, १८४८ साली, इंग्लंडच्या लॉर्ड चॅन्सेलरने निकाल दिला होता. ही जागा बाग म्हणूनच राहिली पाहिजे, तिच्यावर इमारत उभी राहता कामा नये, असे त्या निकालाने ठरले. तो निकाल आजही भारतातील विधी महाविद्यालयांत शिकवला जातो. न्यायालयात जिंकलेली बाग प्रत्यक्षात उकिरडा कशी झाली, हे समजण्यासाठी आणखी दोनशे वर्षे मागे जावे लागते.

सतराव्या शतकात लंडन शहर जुन्या तटबंदीच्या पश्चिमेला पसरू लागले. तेथील जमीन बव्हंशी उमरावांच्या मालकीची होती. १६३० च्या दशकात बेडफर्डच्या अर्लने कॉव्हेंट गार्डन येथे इनिगो जोन्स या वास्तुकाराकडून एक मोकळा चौक आखून घेतला. भोवती एकसारखी घरे आणि मध्ये रिकामी जागा, ही कल्पना लंडनला नवी होती आणि ती रुजली. पुढच्या दीडशे वर्षांत ब्लूम्सबरी, सेंट जेम्स, ग्रोव्हनर, बर्कले असे एकामागून एक स्क्वेअर उभे राहिले. आजच्या भाषेत बोलायचे तर ही श्रीमंतांची रहिवासी संकुले होती. जमीनदाराने भूखंड पाडायचे, बांधकाम करणाऱ्याने ते भाडेपट्ट्याने घेऊन घरे बांधायची आणि मधल्या मोकळ्या जागेच्या आकर्षणावर ती चढ्या दराने द्यायची, असा सर्वसाधारण व्यवहार असे.

घराला मालक होता, भाडेकरू होता. रस्त्याचीही जबाबदारी कोणावर तरी ढकलता येत असे. मधल्या तुकड्याचे काय? तो सगळ्यांच्या खिडक्यांतून दिसे, सगळ्यांच्या घराची किंमत वाढवी, आणि तो झाडण्याचे काम मात्र कोणाचेच नसे.

सेंट जेम्स स्क्वेअर हे याचे सर्वांत बोलके उदाहरण. दुसऱ्या चार्ल्स राजाच्या मर्जीतील हेन्री जर्मिन, सेंट ऑल्बन्सचा अर्ल, याने राजवाड्याच्या अगदी शेजारची ही जागा विकसित केली. मोठे लोक भाड्याच्या जमिनीवर वाडे बांधणार नाहीत, असे सांगून त्याने १६६५ साली राजाकडून जमिनीची कायमची मालकी मिळवली. हिशेब बरोबर ठरला आणि ड्यूक, अर्ल, परदेशी वकील तेथे राहायला आले. पण घरे अशी कायमची विकली गेल्याने आणखी एक गोष्ट घडली. भाडेपट्टा संपल्यावर आपली मालमत्ता कोणत्या अवस्थेत परत मिळेल याची चिंता करणारा जमीनदारच तेथे उरला नाही. पैसा मिळाला, वाडे झाले आणि मधला चौक पोरका झाला.

साठ वर्षांत त्या चौकाची काय अवस्था झाली, याचे वर्णन इतिहासकार मेकॉलेने पुढे इंग्लंडच्या इतिहासात केले आहे. वेस्टमिन्स्टरभरची राख, घाण आणि मेलेली कुत्री-मांजरे या चौकात येऊन पडत. लाठी खेळणाऱ्याने तेथे आखाडा मांडला होता. एका बहाद्दराने तर चौकातच बस्तान ठोकून उमरावांच्या दिवाणखान्यांच्या खिडक्यांसमोर छप्पर उभारले होते. आत मेणबत्त्यांच्या झुंबरांखाली मेजवान्या चालत आणि बाहेर उकिरडा धुमसे. राज्यातील सर्वांत बलाढ्य माणसे एका छपरापुढे हतबल झाली होती, यात आश्चर्य वाटण्यासारखे फार नाही. प्रत्येक जण बलाढ्य होता तो स्वतःच्या उंबरठ्याच्या आत.

अखेर १७२६ साली रहिवाशांनी पार्लमेंटकडे धाव घेतली आणि स्वतःच्या चौकापुरता एक स्वतंत्र कायदा करून घेतला. रहिवाशांतून विश्वस्त नेमायचे. विश्वस्तांनी चौक साफ करायचा, सुशोभित करायचा, कचरा टाकणाऱ्याला व जागा बळकावणाऱ्याला दंड करायचा. या सगळ्यासाठी लागणारा पैसा भोवतीच्या प्रत्येक घराकडून, त्याच्या दर्शनी बाजूच्या रुंदीच्या प्रमाणात, कर म्हणून वसूल करायचा. मोठ्या वाड्याने जास्त द्यायचे आणि लहान घराने कमी. ‘मी बागेत जातच नाही’ ही सबब ऐकून घ्यायची नाही.

हा शेवटचा भाग सर्वांत महत्त्वाचा होता. त्यापूर्वीही चौक सुधारण्याच्या गप्पा झालेल्या असणारच. ज्याला द्यायचे त्याने द्यावे, अशा वर्गणीतून एखादे वर्ष निघते. दुसऱ्या वर्षी देणाराच विचारू लागतो की शेजारी फुकट फुले पाहतो तर आपणच का मोजावे. कायद्याने नेमका हाच प्रश्न निकालात काढला.

विश्वस्तांनी काम दिले चार्ल्स ब्रिजमन या उद्यानरचनाकाराला. पुढे तो दुसऱ्या जॉर्जचा राजउद्यानपाल झाला. त्याने केलेली रचना पाहिली तर आजच्या वाचकाला थोडा अचंबा वाटेल, कारण तीत हिरवळ जवळजवळ नव्हतीच. मध्यभागी दीडशे फूट व्यासाचे गोल तळे, त्याभोवती अष्टकोनी लोखंडी कठडा, कोपऱ्यांवर दिवे वाहणारे दगडी स्तंभ आणि सभोवार फरसबंदी. त्या काळच्या नगररचनेत सौंदर्य म्हणजे शिस्त, स्वच्छता आणि मोकळा अवकाश. झाडांमुळे समोरच्या वाड्याचा दर्शनी भाग झाकला जातो आणि आडोशाला चोर लपतात, अशी तेव्हाची समजूत होती.

या तळ्याची एक आख्यायिका सांगितली जाते. १७८० च्या जूनमध्ये लंडनमध्ये उसळलेल्या गॉर्डन दंगलीत जमावाने न्यूगेटचा तुरुंग फोडला आणि त्याच्या किल्ल्या या तळ्यात फेकून दिल्या. त्या बऱ्याच वर्षांनी गाळात सापडल्या. १८०८ साली तळ्याच्या मधोमध तिसऱ्या विल्यमचा पुतळा बसला, त्यानंतर सुमारे दहा वर्षांनी जॉन नॅशने भोवती झाडी लावली आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर, पाणी साचून घाण होऊ लागल्याने, तळे बुजवण्यात आले. पुतळा तेथेच आहे, पण आता त्याच्याभोवती गर्द सावली आहे.

सेंट जेम्सचा धडा इतरांनी गिरवला. १७३५ साली लिंकन्स इन फील्ड्सच्या आणि १७३७ साली रेड लायन स्क्वेअरच्या रहिवाशांनी असेच स्वतंत्र कायदे मिळवले. दोन्ही ठिकाणी तक्रार तीच होती: कचरा, भुरटे चोर, रात्री ओलांडायला भीती वाटावी असा चौक. कठडे उभे राहिले, दारांना कुलपे लागली आणि किल्ली फक्त कर भरणाऱ्या घरांकडे आली.

ज्या इस्टेटींत भाडेपट्ट्याची पद्धत होती तेथे पार्लमेंटची पायरी चढण्याची तितकी गरज भासली नाही. ब्लूम्सबरीत बेडफर्डच्या ड्यूकची इस्टेट बागांवर स्वतःचा ताबा ठेवून असे, कारण पट्टा संपला की घरे परत तिच्याकडेच यायची होती. या सुरक्षिततेत अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात बागांचे रूपही पालटले. दगडी फरशांच्या जागी हिरवळ, झुडपे आणि वळणदार पायवाटा आल्या. बर्कले स्क्वेअरमधील प्लेन वृक्ष १७८९ साली लावले गेले; त्यांतील काही आजही उभे आहेत. या झाडाची साल खपल्या होऊन गळून पडते आणि तिच्याबरोबर साचलेली काजळीही जाते. कोळशाच्या धुरात गुदमरणाऱ्या लंडनने त्याला आपले मानले ते बरेचसे या गुणामुळे. रसेल स्क्वेअरची बाग एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हंफ्री रेप्टनने आखली. कडेने दाट कुंपण लावून आत फिरणाऱ्यांना रस्त्याच्या नजरेपासून आडोसा देणे, ही त्याची कल्पना.

आता पुन्हा लेस्टर स्क्वेअरकडे. त्याचे दुर्दैव असे की त्याला ना सेंट जेम्ससारखा कायदा मिळाला, ना बेडफर्डसारखा जमीनदार टिकला. लेस्टरच्या अर्लने १६३० च्या दशकात येथे वाडा बांधला; पुढे चौक आखला गेला, हॉगार्थ आणि रेनॉल्ड्ससारखे चित्रकार तेथे राहून गेले. वारसाहक्काने फिरत फिरत बाग टल्क घराण्याकडे आली. १८०८ साली चार्ल्स ऑगस्टस टल्क याने भोवतीची काही घरे स्वतःकडे ठेवून मधली बाग एल्म्स नावाच्या गृहस्थाला विकली.

विकताना खरेदीखतात त्याने एक अट घातली. ती त्या काळच्या मानाने फार विचारपूर्वक लिहिलेली होती. एल्म्स, त्याचे वारस आणि त्याच्यानंतर जे जे मालक होतील त्यांनी, स्वतःच्या खर्चाने, बाग आणि भोवतीचा कठडा चांगल्या अवस्थेत राखावा, जागा मोकळी ठेवावी, तिच्यावर कोणतेही बांधकाम करू नये. आणि टल्कच्या भाडेकरूंना वाजवी शुल्क घेऊन किल्ली द्यावी. या एका वाक्यसमूहात दोन वेगळी वचने होती. एक न करण्याचे: बांधू नका. दुसरे करण्याचे: बाग राखा, खर्च करा. पुढची सगळी कथा या दोन वचनांच्या वाटा फुटण्याची आहे.

बाग हातोहात विकली जात अखेर एडवर्ड मॉक्से याच्याकडे आली. त्याच्या स्वतःच्या खतात ती अट नव्हती. पण जुन्या अटीची त्याला माहिती होती, हे त्याने नाकारले नाही. त्याचे म्हणणे सरळ होते: वचन एल्म्सने दिले, मी नाही, झाडे तोडून येथे बांधकाम करण्याचा मला अधिकार आहे. जुन्या कायद्याच्या काटेकोर दृष्टीने पाहिले तर त्याची बाजू कमकुवत नव्हती. करार ज्यांच्यात झाला त्यांनाच तो बांधतो, तिऱ्हाइताला नाही.

टल्कने समन्यायाच्या न्यायालयात, म्हणजे चॅन्सरीत, मनाई हुकूम मागितला आणि तो मिळाला. मॉक्सेने अपील केले. २२ डिसेंबर १८४८ रोजी लॉर्ड चॅन्सेलर कॉटनहॅम यांनी ते फेटाळले. त्यांचा युक्तिवाद सामान्य माणसालाही पटणारा होता. बांधकाम करता येणार नाही या अटीमुळे जमीन स्वस्तात मिळते. अशी जमीन घेणाऱ्याने दुसऱ्या दिवशी ती अट झटकून पूर्ण भावाने पुढे विकावी, याहून मोठा अन्याय कोणता? जो अट ठाऊक असूनही जमीन घेतो, त्याच्या सदसद्विवेकबुद्धीवर ती अट बंधनकारक आहे.

‘टल्क विरुद्ध मॉक्से’ या नावाने हा निकाल मालमत्तेच्या कायद्यातील मैलाचा दगड ठरला. शहरातील मोकळ्या जागा, इमारतींची उंची, निवासी वस्तीत कारखाना न काढण्याची अट, अशा कितीतरी गोष्टी जमिनीबरोबर पुढच्या मालकाकडे जाऊ शकतात, हे तत्त्व त्यातून उभे राहिले.

बागेला मात्र त्याचा लाभ झाला नाही. तीनच वर्षांत, १८५१ च्या जागतिक प्रदर्शनाच्या हंगामात, नकाशे छापणारा जेम्स वाइल्ड याने टल्क कुटुंबाशी ठरावीक मुदतीचा समझोता करून चौकाच्या मधोमध एक अवाढव्य गोलाकार इमारत उभी केली. आत शिरून जिन्यांनी चढत जायचे आणि पृथ्वीचे पर्वत, नद्या, समुद्र आतल्या बाजूने पाहायचे. सुमारे साठ फूट व्यासाचा हा पृथ्वीगोल काही काळ खूप गाजला. राजाचा पुतळा बाजूला पडला. १८६२ साली गोल उतरवला गेला आणि मागे राहिली उखडलेली जमीन, वाद घालणारे हक्कदार आणि पुन्हा उभा केलेला जखमी घोडा.

येथे त्या दोन वचनांतला फरक उघडा पडला. न्यायालय मनाई करू शकत होते. कोणी विटा आणल्या तर थांबवता येत होते. पण कोणी पाणीच घातले नाही, गवत कापले नाही, कठडा रंगवला नाही, तर पुढच्या मालकाच्या खिशात हात घालण्याचा मार्ग न्यायालयाकडे नव्हता. १८८१ आणि १८८५ सालच्या दोन खटल्यांत इंग्रजी न्यायालयांनी हे स्पष्टच सांगितले: न करण्याचे बंधन जमिनीबरोबर पुढे जाते, पैसे खर्चून काही करण्याचे बंधन जात नाही. टल्कचे अर्धे वचन अमर झाले आणि अर्धे एल्म्सबरोबरच संपले. लेस्टर स्क्वेअरवर कायमची इमारत झाली नाही. बागही राहिली नाही.

हे तत्त्व लवकरच भारतातही आले. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ४० मध्ये त्याची छाया स्पष्ट दिसते. शेजारच्या जमिनीचा विशिष्ट रीतीने वापर होऊ न देण्याचा हक्क एखाद्याला असेल, तर तो हक्क ठाऊक असून जमीन विकत घेणाऱ्याविरुद्धही बजावता येतो. शब्दयोजना पाहिली तर भर प्रतिबंधावर आहे. माळी कोणी नेमायचा याचे उत्तर तेथेही नाही.

मुंबईला लंडनच्या या चौकांची ओळख पुस्तकातून नव्हे, प्रत्यक्ष दगडात झाली. किल्ल्यातील टाउन हॉलसमोरची ‘बॉम्बे ग्रीन’ ही मोकळी जागा एकेकाळी कापसाच्या गाठींनी भरलेली असे. १८४४ साली कापसाचा बाजार कुलाब्याला गेल्यावर ती धुळीची आणि केरकचऱ्याची झाली. याच परिसरातील वडाखाली दलाल जमत आणि त्यातून पुढे शेअर बाजार उभा राहिला, हे प्रसिद्धच आहे. पोलिस आयुक्त चार्ल्स फोर्जेट याने तेथे वर्तुळाकार बाग आणि भोवती एकसारख्या दर्शनी भागाच्या इमारती अशी योजना मांडली. गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन आणि नंतर सर बार्टल फ्रियर यांनी ती उचलून धरली. नगरपालिकेने जागा घेतली, भूखंड पाडून व्यापारी कंपन्यांना विकले आणि मधली बाग १८७२ पर्यंत पूर्ण झाली. एल्फिन्स्टन सर्कल हे तिचे तेव्हाचे नाव. ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे संपादक बी. जी. हॉर्निमन यांचे नाव तिला स्वातंत्र्यानंतर मिळाले. या बागेच्या दीर्घायुष्यामागचे एक कारण असे की तिचा सांभाळ भोवतीच्या इमारतींच्या मर्जीवर सोडलेला नव्हता. ती पहिल्यापासून नगरपालिकेची होती.

खासगी संकुलातील सामायिक बागेचा प्रश्न महाराष्ट्रात वेगळ्या वाटेने सोडवला गेला. १९६० च्या सहकारी संस्था कायद्याखाली गृहनिर्माण संस्था नोंदली की देखभालीची वर्गणी ही ऐच्छिक देणगी राहत नाही. थकवणाऱ्या सभासदाविरुद्ध निबंधकाकडून वसुली दाखला मिळवता येतो. सेंट जेम्सच्या विश्वस्तांना १७२६ साली जे हत्यार मिळाले त्याचाच हा मराठी अवतार. पण त्याआधीचा एक काळ असतो, आणि पुण्या-मुंबईतील कोणत्याही जुन्या संकुलात तो आठवणारे कोणीतरी भेटतेच. विकासकाने सदनिका विकल्या, जमिनीचे अभिहस्तांतरण केले नाही, संस्था म्हणते बाग अजून त्याची, तो म्हणतो राहता तुम्ही. माहितीपत्रकात चितारलेल्या कारंज्यात पावसाचे पाणी साचते आणि बागेच्या कोपऱ्यात जुनी बांधकामाची वाळू पडून राहते. ही दरी बुजवण्यासाठी १९६३ च्या मोफा कायद्याने विकासकावर अभिहस्तांतरणाची सक्ती केली. तीही पुरेना, तेव्हा त्यात मानीव अभिहस्तांतरणाची तरतूद करावी लागली.

लेस्टर स्क्वेअरची सुटका मात्र कायद्याने केली नाही. ती केली एका संशयास्पद धनाढ्याने. आल्बर्ट ग्रँट हा डब्लिनमध्ये जन्मलेला, मूळचा गॉटहायमर आडनावाचा, कंपन्या काढून त्यांचे भाग लोकांच्या गळ्यात मारण्यात निष्णात असा गृहस्थ. अमेरिकेतील एम्मा चांदीच्या खाणीचे भाग विकताना त्याने कमावले आणि गुंतवणूकदार बुडाले. इटलीच्या राजाने दिलेली ‘बॅरन’ ही पदवी तो मिरवत असे. १८७४ साली त्याने टल्कच्या वारसांसह सगळ्या हक्कदारांचे हक्क विकत घेतले, वास्तुकार जेम्स नोल्सकडून बाग नव्याने आखून घेतली आणि मध्ये शेक्सपिअरचा संगमरवरी पुतळा असलेले कारंजे उभारले. चार कोपऱ्यांत न्यूटन, हॉगार्थ, रेनॉल्ड्स आणि शल्यचिकित्सक जॉन हंटर यांचे अर्धपुतळे बसले. २ जुलै १८७४ रोजी ही बाग त्याने मेट्रोपॉलिटन बोर्ड ऑफ वर्क्सच्या, म्हणजे शहराच्या, स्वाधीन केली. किल्ली नाही, कुलूप नाही, सर्वांना मुक्त प्रवेश.

त्याच वर्षी निवडणुकीतील गैरप्रकारांवरून त्याची संसदेतील निवड रद्द झाली. पुढे दिवाळे वाजले. केन्सिंग्टनमध्ये त्याने बांधलेला प्रासाद राहण्याआधीच पाडला गेला आणि त्याचा संगमरवरी जिना मादाम तुसाँच्या मेणाच्या संग्रहालयाने विकत घेतला. १८९९ साली तो जवळजवळ विस्मृतीत मरण पावला. लुबाडलेल्या पैशातून लोकांना दिलेली बाग, असे तिच्याबद्दल कोणी म्हटले तर ते खोटे ठरणार नाही. ती बाग होती आणि लोकांची होती, हेही तितकेच खरे.

ग्रँटसारखे दाते प्रत्येक चौकाला मिळणे शक्य नव्हते, आणि मिळाले असते तर गुंतवणूकदारांची खैर नव्हती. टिकाऊ उपाय शहराच्या पश्चिमेला आधीच सापडलेला होता. १८५१ च्या केन्सिंग्टन सुधारणा कायद्याने तेथील सामायिक बागांसाठी रहिवाशांच्या समित्या नेमण्याची व्यवस्था केली. समितीने वर्षाचा खर्च ठरवायचा आणि तो भोवतीच्या घरांकडून स्थानिक कराबरोबरच वसूल व्हायचा. ही व्यवस्था आजही चालू आहे. केन्सिंग्टन-चेल्सीतील अनेक घरांना नगरपरिषदेच्या कराच्या बिलातच बागेची रक्कम दिसते. नॉटिंग हिलच्या लॅडब्रोक इस्टेटीत तर घरांच्या मागच्या दारातून थेट सामायिक बागेत उतरता येते. तेथील हिरवळ दीडशेहून अधिक वर्षे टिकली त्यामागे इंग्रजांचे निसर्गप्रेम किती आणि ते बिल किती, हे ज्याचे त्याने ठरवावे.

पार्लमेंटने १८६३ साली शहरी बागांच्या रक्षणासाठी सर्वसाधारण कायदाही केला. तरीही विसाव्या शतकात जमिनीचे भाव चढले तशी मधली हिरवळ पुन्हा डोळ्यांत भरू लागली. १९२० च्या दशकात मॉर्निंग्टन क्रेसेंटच्या बागेवर करेरास कंपनीचा सिगारेट कारखाना उभा राहिला. ब्लूम्सबरीतील एंड्सली गार्डन्सही बांधकामाखाली गेले. ओरड झाली, शाही आयोग बसला आणि १९३१ च्या लंडन स्क्वेअर संरक्षण कायद्याने ४६१ चौक आणि बागांवर बांधकाम करण्यास बंदी घातली. टल्कच्या पहिल्या वचनाला आता सगळ्या शहरापुरता शिक्का मिळाला.

दुसऱ्या महायुद्धात कठडेच गेले. लोखंड हवे म्हणून सरकारने ते कापून नेले आणि दोनशे वर्षे किल्लीवाल्यांसाठी राखलेल्या बागांत कोणीही पाऊल ठेवू लागले. १९४४ साली कठडे परत उभे राहू लागले, तेव्हा जॉर्ज ऑर्वेलने ‘ट्रिब्यून’मधील आपल्या सदरात त्यावर कडक टीका केली. मूठभरांसाठी जमीन पुन्हा कुंपणाआड जावी, हे त्याला मान्य नव्हते. त्याचा मुद्दा बिनतोड होता. त्याच बागांत झाडे तुटत आणि हिरवळ तुडवली जाते, ही रहिवाशांची तक्रारही निराधार नव्हती. ब्लूम्सबरीतील बहुतेक बागा अखेर नगरपरिषदांकडे गेल्या आणि सर्वांना खुल्या झाल्या. केन्सिंग्टनच्या बव्हंशी कुलपातच राहिल्या.

रसेल स्क्वेअर त्यांपैकी पहिल्या गटातला. नगरपरिषदेकडे आल्यावर त्यात वेळोवेळी इतके फेरफार झाले की रेप्टनची आखणी ओळखू येईना. २००२ च्या सुमारास कॅम्डेन नगरपरिषदेने त्याचे नूतनीकरण केले तेव्हा नवे काही सुचवण्याऐवजी रेप्टनचीच आखणी पुन्हा जमिनीवर उतरवली. वळणाच्या वाटा पूर्ववत झाल्या, लोखंडी कठडा पुन्हा बसला. दारे दिवसभर उघडी असतात.

लेस्टर स्क्वेअरचेही नूतनीकरण २०१२ साली पूर्ण झाले. चार कोपऱ्यांतले अर्धपुतळे हलवले गेले, शेक्सपिअर जागेवर राहिला. त्याच्या चौथऱ्यावर कोरलेला लेख अजून वाचता येतो. ही जागा आल्बर्ट ग्रँट याने विकत घेतली, बाग म्हणून सजवली आणि लोकांच्या मुक्त वापरासाठी कायमची दिली, असे त्यात तारखेसह नमूद आहे. टल्क आणि मॉक्से यांची नावे त्यावर नाहीत.